बेकायदा स्थलांतर रोखायला काय जास्त उपयोगी: सीमेवरची तार की कामाच्या जागेवरची तपासणी?

या विषयात मत ठरवायचं असेल तर आधी सांगतो की मी दोन्ही टोकं जवळून पाहिलीत. काही वर्षं बंगालच्या सीमेवर तारबंदी दुरुस्त करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होतो आणि नंतर शहरात बांधकामाच्या साइट सांभाळल्या. म्हणजे माणूस ओलांडतो ती जागा एक, आणि ज्या कामासाठी ओलांडतो ती दुसरी.

कुंपणाचा काहीच उपयोग होत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. इस्रायलने इजिप्तच्या बाजूला साधारण 240 किलोमीटरचं कुंपण घातलं, 2011 मध्ये तिकडून 17 हजारांच्या आसपास लोक आत आले होते आणि 2013 मध्ये तो आकडा शंभराच्याही खाली गेला. हा फरक नाकारता येत नाही. पण ती जागाही बघा ना, वाळवंट, वस्ती विरळ, कुंपणापलीकडे स्वतःच्या लोकांची शेती नाही, काही हललं की गाडी पोचते. शिवाय 2012 मध्ये पकडलेल्याला दीर्घकाळ डांबून ठेवायचा कायदाही आला, त्यामुळे श्रेय तारेचं किती आणि कायद्याचं किती हे वेगळं काढणं अवघडच आहे. हंगेरीने 2015 मध्ये सर्बियाच्या सीमेवर 175 किलोमीटर कुंपण घातलं तर लोक क्रोएशियाकडून वळले, मग तिकडेही घालावं लागलं, आणि 2016 च्या मार्चमध्ये युरोपीय संघाचा तुर्कस्तानशी करार झाल्यावर मुळात येणारेच कमी झाले.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. भारत-बांगलादेश सीमा 4,096 किलोमीटर, त्यातल्या साधारण 3,200 किलोमीटरवर कुंपण झालंय, उरलेल्यात नद्या, नदीतली वाळूची बेटं, दलदल आणि जमीन ताब्यात न आलेले पट्टे. आसामात धुबरीला तर ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात पात्र बदलते, तिथे खांब रोवणार कुठे, म्हणून 2019 मध्ये तिथे कॅमेरे आणि सेन्सरची यंत्रणा बसवली.

आता मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त वैताग दिला आणि ज्यावरून माझं मत फिरलं ते म्हणजे गेट. दोन्ही देशांच्या 1975 च्या सीमा नियमांप्रमाणे शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, 150 यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करता येत नाही, म्हणून कुंपण बहुतेक ठिकाणी आत सरकलेलं आहे, आणि पलीकडे उरते ती आपलीच जमीन, आपलेच शेतकरी, काही ठिकाणी तर घरंसुद्धा. त्यांच्यासाठी कुंपणाला गेट ठेवावं लागतं आणि ते रोज ठरावीक वेळेला उघडावं लागतं. मी जिथे होतो तिथे सकाळी रांग लागायची, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओळखपत्र, ते जमा करायचं, रजिस्टरमध्ये नाव, बरोबर किती बैल, फवारणीचा पंप आहे का, विळा किती, सगळं लिहायचं, आणि परत येताना तेच सगळं उलट. मधेच पंपाचा पाइप फुटला तर माणूस पुढच्या वेळेपर्यंत उन्हात गेटजवळ बसून राहायचा, कारण वेळेबाहेर उघडायचा अधिकार पहाऱ्यावरच्या जवानाला नसतो. तो जवानही बिचारा करणार काय, त्या सगळ्यांना तो तोंडओळखीने चांगला ओळखत असतो तरी नोंद करावीच लागते.

आणि त्याच वेळी थोड्या अंतरावर एक नाला कुंपणाखालून जायचा, त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी, पावसाळ्यात जलपर्णी आणि फांद्या अडकून ती वाकायची, कधी सुटून जायची, आणि पाणी ओसरेपर्यंत वेल्डिंग करता येत नसे. म्हणजे माणसांचा वेळ जायचा ओळखीच्या शेतकऱ्यांच्या नोंदीत आणि भोक राहायचं भलतीकडेच. तार स्वतः कुणाला पकडत नाही, ती फक्त काही मिनिटं उशीर करते, त्या मिनिटांत माणूस पोचला तरच तिचा उपयोग. बंगालच्या दमट हवेत आणि साचलेल्या पाण्यात पहिल्या टप्प्यातलं बरंचसं कुंपण गंजून बदलावं लागलं, तो खर्च कधी संपतच नाही.

दुसरीकडेही हेच दिसतं. अमेरिकेने 1994 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर सॅन डिएगोजवळ बंदोबस्त वाढवला तर वाट अॅरिझोनाच्या वाळवंटाकडे सरकली, तिथे माणसं तहानेने मेली, आणि जे पूर्वी हंगामी काम करून घरी परतायचे ते परत येणं अवघड म्हणून तिथेच राहिले आणि बायकामुलांनाही नेलं. मोरोक्कोला लागून असलेल्या स्पेनच्या सेउटा शहराला उंच कुंपण जागेवरच होतं, तरी 2021 च्या मे महिन्यात मोरोक्कोने पहारा सैल केल्यावर दोन दिवसांत 8 हजारांच्या आसपास लोक बांधाला वळसा घालून, पोहत आत आले. व्हिसावर रीतसर येऊन मुदत संपल्यावर राहणाऱ्यांचा तर कुंपणाशी संबंधच नाही.

मग कामाच्या जागेवरची तपासणी. साइटवर मुकादम माणसं घेऊन येतो, त्याला विचारतात किती आणलेस आणि रोज काय, नावं वहीत पहिल्या नावानेच, पैसे आठवड्याला रोख त्याच्याच हातात. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं असं स्पष्ट लिहिलं होतं, माझ्या साइटवर मी ते एकाकडेही पाहिलं नाही. बेकायदा आलेला माणूस इथे खपतो तो स्वस्त पडतो आणि तक्रार करू शकत नाही म्हणून. प्रत्येकाची मजुरी बँकेत, पीएफ कापलेला आणि चूक निघाल्यावर दंड मालकाला, असं असेल तर तो फायदाच उरत नाही.

यातही खोट आहे, ती लपवत नाही. अॅरिझोनाने 2008 पासून कामगारांची ऑनलाइन पडताळणी सक्तीची केली, बेकायदा राहणारे कमी झाले असं अभ्यासात दिसलं, पण बरेच जण आणखी कमी मजुरीच्या, नोंद नसलेल्या कामात ढकलले गेले. आपल्याकडे तर आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि भाषेवरून संशय घ्यायची सवय आहे. 2025 मध्ये महाराष्ट्रात काम करणारे बंगालचे काही मजूर भारतीय असूनही सीमेपार ढकलले गेले आणि मग परत आणावे लागले. म्हणून मी तपासणी म्हणतो ती मजुराची धरपकड नव्हे, मालकाच्या वहीची. मजुराला पकडणं सोपं असतं म्हणून तेच होतं, आणि मला भीती त्याचीच वाटते.

ज्यांचा पट्टा छोटा आहे, उजाड आहे, शेजारी देश सहकार्य करतोय आणि तारेमागे माणसं उभी करायची ताकद आहे त्यांनी कुंपण जरूर घालावं. तस्करी रोखायलाही त्याची मदत होते, हे मी पाहिलंय. पण नद्या, शेती आणि दाट वस्तीची लांब सीमा असेल तर माझा कल थोडा कामाच्या जागेवरच्या तपासणीकडे आहे. पुढच्या पैशाचं मला कुणी विचारलं तर मी आहे ते कुंपण दुरुस्त ठेवीन, नाल्यांच्या जाळ्या आणि रात्रीच्या गस्तीच्या बोटी आधी बघीन, आणि नव्या किलोमीटरचे पैसे कामगार निरीक्षकांच्या भरतीवर घालीन, कारण इतक्या साइट सांभाळल्या तरी मस्टर बघायला आलेला निरीक्षक मला भेटलेला नाही.