समानार्थी शब्दांचं अॅप : पैसे दुसऱ्यांदा कापले म्हणून लिहितोय

अॅपचं नाव लिहीत नाही, ३९९ रुपयांचं भांडण अजून मिटायचं आहे. वापरणारे ओळखतीलच. इंग्रजी शब्द टाकला की समानार्थी शब्दांची यादी येते, प्रत्येकाखाली मराठी अर्थ, उच्चार ऐकता येतो, नेट लागत नाही. बाकीचं जाहिरातीत वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत अहवाल लिहितो. गावात सारं बोलणं मराठीत, वर कागद जातो इंग्रजीत. पाणी कुठून आलं, कुठं मुरलं, कुठून फुटलं, यातच दिवस जातो. दर पानावर तोच ‘फ्लो’ लिहून कंटाळलो होतो, म्हणून मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर वर्षाचे पैसे भरले. सुरुवातीला खूश होतो. वावरात उभं राहून, टावर नसताना शब्द सापडतो, ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही.

मग एक दिवस ‘फ्लो’ची पूर्ण यादी उघडली. चाळीसेक शब्द एका ढिगात, एबीसीडीच्या क्रमाने. कॅस्केड, ड्रिफ्ट, ग्लाइड, गश, मीअँडर, ऊझ, सीप, स्पर्ट, सर्ज, ट्रिकल. आणि बहुतेकांखाली मराठी अर्थ एकच, ‘वाहणे’. अरे बाप्पा, ज्या भाषेत पाणी पाझरतं, झिरपतं, ठिबकतं, ओघळतं, खळाळतं, त्या भाषेत यांना ‘वाहणे’ एवढंच सापडलं?

हसून सोडून दिलं असतं, पण ऑगस्टमध्ये याचा हिसका बसला. आमच्याकडे नवीन लागलेला पोरगा एका माती नाला बांधाची पाहणी करून आला. पाळीच्या पायथ्याशी ओल होती, हातभर जागेत पाणी पाझरत होतं. पोराने अॅप उघडलं, ‘वाहणे’ वाचलं आणि ‘गश’ लिहून अहवाल पाठवून दिला. रात्री जेवताना नागपूरहून इंजिनिअर साहेबांचा फोन.

“पाळ फुटली काय?”

“नाही साहेब, पायथ्याशी पाझर आहे जरासा.”

“पाणी नितळ आहे का गढूळ?”

“नितळ.”

“मग गश कोणी लिहिलं?”

साहेबांचा प्रश्न बरोबर होता. मातीच्या बांधातून थोडं नितळ पाणी पाझरणं चालतं. गढूळ यायला लागलं तर समजायचं की आतून माती वाहून चालली, पोकळी पडते आहे, आणि मग सकाळची वाट पाहता येत नाही. गश म्हणजे एकदम, जोरात आणि भरपूर. पायथ्याशी होतं ते सीप. एवढा फरक यादीत कुठंच नाही, तर पोराला कायले बोलायचं?

या एका गोष्टीवर मी अॅपवाल्यांना मेलमागून मेल केले. बायको म्हणते, तुम्ही त्या यादीच्या मागेच लागले. लागलोच. अहो, पीटर मार्क रोजे नावाच्या डॉक्टरने १८०५ मध्ये स्वतःपुरती शब्दांची वही करायला घेतली आणि १८५२ मध्ये लंडनला कोश छापला. त्यात शब्द अर्थाच्या गटांनी लावले आणि शोधायला मागे सूची दिली. म्हणजे ही अडचण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाताने सोडवली होती. यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, तरी क्रम एबीसीडीचा.

शेवटी मीच कागदावर मांडणी केली. मातीतून, भेगेतून हळू येतं ते सीप. तसंच हळू पण घट्ट, चिकट, ते ऊझ. जखमेतला पू, झाडाचा डिंक. बारीक धार सुटली की ट्रिकल. मोटार हवा धरते तेव्हा पाइपातून थांबून थांबून उडतं ते स्पर्ट. गश वर सांगितलंच. पायरीपायरीने कोसळतं ते कॅस्केड, आपल्या पैनगंगेचा सहस्रकुंड डोळ्यांपुढे आणा. नदी वळणं घेत रेंगाळली की मीअँडर. हे तर तुर्कस्तानातल्या एका वळणावळणाच्या नदीचंच जुनं नाव. ग्लाइडला पाणी लागतच नाही, घारही ग्लाइड करते. आणि ड्रिफ्टमध्ये स्वतःचा जोर नसतो, प्रवाह नेईल तिकडं जायचं. कागद ऑफिसात टेबलाच्या काचेखाली आहे, आता सगळे तोच पाहतात.

एवढं झाल्यावर अॅप काढून टाकणार होतो, तर दिवाळीच्या सुमारास अपडेट आलं आणि शब्दाचं मूळ सांगणारा नवा कप्पा उघडला. इथं मत बदललं, हे मान्य करतो. ‘टॉरंट’ म्हणजे लोंढा, आणि तो आला आहे भाजणे, करपवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आमचा नाला ज्याने पाहिला त्याला हे समजवावं लागत नाही. मे महिन्यात तळाशी भेगा, जुलैत बैल उतरवायची हिंमत नाही. दुसरा ‘रायव्हल’. हे लॅटिनमध्ये एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी. हरभऱ्याच्या दिवसांत नाल्यावर समोरासमोर मोटारी टाकून बसलेले आमच्या गावचे दोघं भाऊ आठवले आणि एकटाच हसलो. पुढचे कित्येक दिवस मी बसमध्ये हाच कप्पा वाचत होतो.

त्यातही घोळ आहेच. ‘फ्लो’ आणि ‘फ्लुएंट’ दोघांचं मूळ एकच दाखवलं आहे. दिसायला पटतं, पण फ्लुएंट, इन्फ्लुएन्स, इन्फ्लुएन्झा ही लॅटिन मंडळी. फ्लो जुन्या इंग्रजीतला, ‘फ्लड’चा भाऊबंद. हेही कळवलं. उत्तरात आभार आले, दुरुस्ती नाही.

आता पैशाचं. वर्ष संपायच्या आत अॅपमध्ये ‘रद्द करा’ दाबलं, रद्द झाल्याचा संदेशही आला. तरी ३९९ कापले. तक्रार केली की गोडगोड इंग्रजीत उत्तर येतं, माणूस काही बोलत नाही. बँकेत बसणाऱ्या मित्राने सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. अॅप फोनवरून काढलं म्हणून ऑटोपे बंद होत नाही. यूपीआय ज्या अॅपवरून चालवता तिथं ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी तिथूनच रद्द करायची. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; ती आली का, मेसेज तपासा आणि स्क्रीनशॉट ठेवा. मला सूचना आली नाही, माझं भांडण त्याच्यावरच उभं आहे.

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन मूळ सांगणाऱ्या कप्प्याचे, अर्धा बिननेट चालतं त्याचा. बारावीच्या पोरापोरींनी पैसे भरू नये, फुकटातलं पुरतं. ज्यांना इंग्रजीत अहवाल पाठवावे लागतात त्यांनी घ्यायचं तर घ्या, पण शब्द उचलण्याआधी उदाहरणाचं वाक्य वाचा. पैसे परत आले तर इथंच खाली लिहीन.