उपाध्यक्ष निवडताना नकाशा बघायचा की खुर्ची?

४ ऑगस्ट २०२४, रविवार. वॉशिंग्टनमधल्या उपाध्यक्षांच्या सरकारी निवासस्थानी, डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपद लढवणाऱ्या कमला हॅरिस यांनी आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार निवडण्यासाठी एकाच दिवशी तिघांच्या मुलाखती घेतल्या. पेनसिल्वेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो, ॲरिझोनाचे सिनेटर मार्क केली आणि मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ. जो बायडेन यांनी शर्यत सोडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. एरवी उमेदवार ज्या निर्णयासाठी दोन-तीन महिने घेतात, तो हॅरिस यांना पंधरवड्यात उरकायचा होता. ६ ऑगस्टला वॉल्झ यांचं नाव जाहीर झालं.

२०२८ मध्ये दोन्ही पक्षांच्या उमेदवारांपुढे पुन्हा हाच प्रश्न येणार आहे. तेव्हा त्यांनी, आणि त्यांची निवड पारखणाऱ्या मतदारांनीही, हे तिघे शेजारी शेजारी मांडून बघावेत. माझं मत आधीच सांगतो. पहिला प्रश्न 'हा माणूस उद्या सकाळी अध्यक्ष झाला तर?' हाच हवा. कुठलं राज्य पदरात पडेल, हा प्रश्न बराच नंतरचा.

नकाशाचं गणित

नकाशाची बाजू मात्र आधी घेऊ, कारण तीच सगळ्यांना भुरळ घालते. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्यालाच ती सगळी मिळतात. पेनसिल्वेनियाकडे अशी १९ मतं, ॲरिझोनाकडे ११, मिनेसोटाकडे १०. शापिरो २०२२ मध्ये जवळपास १५ टक्क्यांच्या फरकाने गव्हर्नर झाले होते, तेही ज्या राज्यात बायडेन २०२० मध्ये सुमारे ८० हजार मतांनीच तरले होते तिथे. केली यांच्या ॲरिझोनात तर बायडेन यांची आघाडी १०,४५७ मतांची होती. मिनेसोटाने १९७२ नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, म्हणजे या हिशेबात वॉल्झ यांच्या नावापुढे जवळपास शून्य. नकाशावाल्यांचं उत्तर सरळ होतं: शापिरो.

आता निकाल बघा. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६, बहुमताला हवीत २७०. हॅरिस यांच्या खात्यात पेनसिल्वेनियाची १९ टाकली तर २४५. वर ॲरिझोनाची ११ टाकली तरी २५६. शापिरो आणि केली या दोघांनी आपापलं राज्य जिंकून आणून दिलं असतं, तरी खुर्ची दूरच राहिली असती. आणि वॉल्झ यांच्या घरच्या मिनेसोटात २०२० मधली बायडेन यांची सात टक्क्यांची आघाडी चारच्या जवळ आली. राज्य राखलं गेलं, पण घरचा माणूस तिकिटावर असल्याचा फायदा आकड्यांत कुठे दिसत नाही.

हे काही २०२४ पुरतं नाही. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे जॉन एडवर्ड्स जोडीला असूनही जॉन केरी ते राज्य हरले. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनचे पॉल रायन असूनही मिट रॉमनी तिथे हरले. सर्वांत बोलकं उदाहरण १९८८ चं. टेक्ससच्या कायद्यानुसार लॉईड बेंटसन यांना एकाच वेळी सिनेट आणि उपाध्यक्षपद अशा दोन्ही निवडणुका लढवता आल्या. एकाच दिवशी त्याच मतदारांनी त्यांना सिनेटवर पुन्हा आरामात पाठवलं आणि अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस आणि बेंटसन या जोडीला मात्र नाकारलं. माणूस हवा होता, जोडी नको होती. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे बघून अध्यक्ष निवडणारे मतदार फार थोडे असतात, हे यापेक्षा स्पष्ट काय दिसणार?

जॉन्सन यांचा अपवाद, आणि त्याचा खरा अर्थ

यावर लोक लगेच १९६० आणि केनेडींचे जोडीदार, टेक्ससचे लिंडन जॉन्सन यांचं नाव पुढे करतात. बरोबरच आहे, तो अपवाद खराखुरा आहे. लॉस एंजेलिसच्या पक्षाच्या अधिवेशनात केनेडींसमोर स्टुअर्ट सिमिंग्टन होते, हेन्री जॅक्सन होते. जॉन्सन यांना कामगार संघटनांचा विरोध होता आणि खुद्द केनेडींच्या भावाला, रॉबर्टला, ते नको होते. तरी केनेडींनी त्यांनाच घेतलं, कारण कॅथलिक उमेदवाराला दक्षिणेत पाय रोवायला कुणीतरी तिथलाच लागणार होता.

मतदानाच्या चार दिवस आधी, ४ नोव्हेंबरला डॅलसमध्ये जॉन्सन पती-पत्नींना एका हॉटेलातून रस्त्यापलीकडच्या ॲडॉल्फस हॉटेलात जायचं होतं. विरोधी जमावाने त्यांना घेरलं, धक्काबुक्की झाली, फलक अंगावर आले. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं पुरली असती. जॉन्सन मुद्दाम सावकाश, पावलापावलाने चालत राहिले, अर्धा तास. छायाचित्रकार बाजूलाच होते. आपल्या राज्याच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला अशी वागणूक मिळाली, ही गोष्ट टेक्ससभर पोचली. केनेडींनी टेक्सस साधारण ४६ हजार मतांनी जिंकलं. अशी राजकीय अक्कल कुठल्याही सर्वेक्षणात सापडत नाही.

पण इथेही बेरीज करून बघा. केनेडींची मतं ३०३, टेक्ससची २४ वजा केली तर २७९. तेव्हा २६९ पुरत होती. एकट्या टेक्ससने निवडणूक ठरली नाही. दक्षिणेतली बाकी राज्यं टिकायला जॉन्सन यांचे रेल्वेगाडीने घातलेले दौरे उपयोगी पडले, हे मान्य करावंच लागेल. तरीही त्या निवडीची खरी किंमत कळली २२ नोव्हेंबर १९६३ ला, डॅलसमध्येच. केनेडींचा खून झाला आणि सिनेटचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेला माणूस खुर्चीत बसला. अडकून पडलेला नागरी हक्क कायदा जुलै १९६४ मध्ये मंजूर झाला, तो सिनेटमधल्या त्याच हातोटीमुळे. नकाशासाठी घेतलेला माणूस खुर्चीला पुरून उरला, म्हणून १९६० ची निवड थोर ठरली. सिमिंग्टन किंवा जॅक्सन यांना ते जमलं असतं, असं मला वाटत नाही.

खुर्ची

आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले. आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एक निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. १९४४ साली शिकागोच्या अधिवेशनात पक्षाच्या धुरीणांना रुझवेल्ट यांची प्रकृती दिसत होती. विद्यमान उपाध्यक्ष हेन्री वॉलेस त्यांना फार डावे वाटत. जेम्स बर्न्स कर्तबगार, पण वर्णभेदाचे समर्थक आणि कामगारांना नकोसे. उरले मिझुरीचे हॅरी ट्रुमन, कुणालाच फारसे न खुपणारे. इथपर्यंत तडजोड समजण्यासारखी आहे. पण निवडून आल्यावर ट्रुमन यांना कशातही घेतलं गेलं नाही. शपथविधीनंतर ८२ दिवसांनी, १२ एप्रिल १९४५ ला रुझवेल्ट गेले तेव्हा अणुबाँबच्या प्रकल्पाची ट्रुमन यांना नीट कल्पनाही नव्हती. महायुद्ध चालू असताना! निवड चांगली निघाली, पण ती नशिबाने.

या कसोटीवर २०२४ चे तिघे कसे दिसतात?

केली यांचं चरित्र सगळ्यांत दिपवणारं. नौदलाचे वैमानिक, आखाती युद्धात ३९ मोहिमा, चार अंतराळफेऱ्या. पत्नी गॅबी गिफर्ड्स यांच्यावर २०११ मध्ये टूसॉनमध्ये गोळी झाडली गेली, त्यानंतर हे दांपत्य बंदूक नियंत्रणासाठी उभं राहिलं. धैर्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पण सिनेटमधली साडेतीन वर्षं सोडली तर राजकीय अनुभव नाही, आणि राज्य चालवण्याचा तर मुळीच नाही.

वॉल्झ यांच्याकडे अनुभवाची लांबी होती. मॅनकॅटोच्या शाळेत शिक्षक आणि फुटबॉलचे प्रशिक्षक, नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलात २४ वर्षं, रिपब्लिकनांकडे झुकलेल्या ग्रामीण मतदारसंघातून प्रतिनिधीगृहात बारा वर्षं, मग २०१९ पासून गव्हर्नर. शाळेतल्या सगळ्या मुलांना मोफत जेवण देणारा कायदा त्यांच्याच सहीचा. माणूस राबणारा आणि लोकांत मिसळणारा. मात्र राष्ट्रीय पातळीवर त्यांना उलटतपासणीची सवय नव्हती. १ ऑक्टोबरच्या वादचर्चेत ट्रम्प यांचे जोडीदार जे. डी. व्हॅन्स यांच्यासमोर ते सुरुवातीलाच अडखळले.

शापिरो गव्हर्नर होऊन दीडच वर्ष झालं होतं, पण त्याआधी सहा वर्षं ते राज्याचे ॲटर्नी जनरल होते. त्यांच्याबाबत मला पेनसिल्वेनियाच्या १९ मतांपेक्षा एक पूल महत्त्वाचा वाटतो. ११ जून २०२३ ला फिलाडेल्फियात पेट्रोलचा टँकर उलटून पेटला आणि आय-९५ या मुख्य महामार्गाचा भाग कोसळला. अंदाज महिन्यांचे होते. खड्डा काचेच्या पुनर्वापरातून केलेल्या हलक्या भरावाने भरून, त्यावरून तात्पुरता रस्ता काढून, बारा दिवसांत वाहतूक सुरू झाली. रात्रंदिवस चाललेलं काम लोकांना थेट प्रक्षेपणात बघता येत होतं. संकटात यंत्रणा हलवता येते की नाही, हे भाषणातून कळत नाही, अशा कामातून कळतं.

म्हणून माझा कौल शापिरो यांनाच, पण नकाशाच्या कारणाने नाही. खुर्चीच्या कसोटीवर शापिरो पहिले, वॉल्झ थोडे मागे आणि केली तिसरे.

ट्रम्प यांनी त्याच उन्हाळ्यात नकाशाकडे पाठच फिरवली. व्हॅन्स यांचं ओहायो आधीच खिशात होतं. दुसरे दोन दावेदार मार्को रुबिओ आणि नॉर्थ डकोटाचे डग बर्गम. ७८ वर्षांच्या उमेदवाराने दीड वर्षाचा सिनेटर निवडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. २०११ पासून सिनेटमध्ये असलेले रुबिओ खुर्चीला अधिक तयार होते. पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून सिनेटने त्यांना ९९ विरुद्ध ० मतांनी मान्यता दिली.

रुबिओ यांच्या आड एक घटनात्मक अडचणही होती. बाराव्या दुरुस्तीनुसार एखाद्या राज्याचे इलेक्टर, म्हणजे ही इलेक्टोरल मतं टाकणारे प्रतिनिधी, आपल्याच राज्याच्या दोघांना, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून, मत देऊ शकत नाहीत. ट्रम्प आणि रुबिओ दोघेही फ्लोरिडाचे. २००० मध्ये डिक चेनी यांनी याच कारणासाठी मतदारनोंदणी टेक्ससहून वायोमिंगला हलवली होती. त्याच दुरुस्तीत असंही आहे की जो अध्यक्ष होऊ शकत नाही, तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही. त्यामुळे मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात निवडून गेलेले आपले बेळगावचे श्री ठाणेदार कितीही मोठे झाले, तरी जन्माने अमेरिकी नागरिक नसल्याने या यादीत येऊ शकत नाहीत.

झाडाझडती

इथे घाई जीवघेणी ठरते. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, काही जणांचे नकार पचवून, टॉमस ईगल्टन यांना घेतलं. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात राहिले होते, विजेचे झटके घेतले होते, हे नंतर बाहेर आलं. मॅकगव्हर्न आधी 'हजार टक्के' पाठीशी असल्याचं म्हणाले, आणि १८ दिवसांत ईगल्टन यांना बाहेर पडावं लागलं. आजारापेक्षा त्या कोलांटउडीने उमेदवाराची पत गेली. (आजारी माणसाला अशी शिक्षा मिळावी, याचं मला आजही वाईट वाटतं.) तेव्हापासून करपत्रकं, वैद्यकीय कागद, जुनी भाषणं, जोडीदाराचे व्यवहार, सगळं वकिलांच्या फौजेकडून तपासून घेतात.

२०२४ च्या तिघांत केली सर्वांत स्वच्छ ठरले असते. शापिरो यांचा कॉलेजच्या दिवसांतला पॅलेस्टिनी लोकांबद्दलचा लेख गाझा युद्धाच्या काळात डोकेदुखी होता, आणि खासगी शाळांसाठी सरकारी पैसा देण्याच्या भूमिकेमुळे शिक्षक संघटना नाराज होत्या. वॉल्झ यांच्या लष्करी निवृत्तीवर आणि १९८९ मधल्या हाँगकाँगच्या मुक्कामाबद्दलच्या दाव्यावर प्रश्न आले. हाँगकाँगचा दावा वादचर्चेत मागे घ्यावा लागला. यातलं काहीच ईगल्टन यांच्याइतकं घातक नव्हतं, पण महिनाभर मिळाला असता तर उत्तरं आधी तयार असती.

मागे राहणारी जागा

याचा विचार उमेदवार फारच कमी करतात. जॉन्सन उपाध्यक्ष झाले आणि १९६१ च्या पोटनिवडणुकीत त्यांची सिनेटची जागा रिपब्लिकन जॉन टॉवर यांनी जिंकली, ती पुढे १९८५ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. केली गेले असते तर ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे तात्पुरता सदस्य त्याच पक्षाचा आला असता, पण २०२६ मध्ये त्या अवघड राज्यात जागा पुन्हा लढवावी लागली असती. शापिरो आणि वॉल्झ यांच्या मागे गव्हर्नर गेल्यास त्यांची जागा घेणारे त्यांच्याच पक्षाचे लेफ्टनंट गव्हर्नर, ऑस्टिन डेव्हिस आणि पेगी फ्लॅनगन, उभे होते. इथे गव्हर्नर स्वस्त, सिनेटर महाग.

जमेल का दोघांचं?

हॅरिस यांनी नंतर लिहिलं की त्यांची पहिली पसंती तेव्हाचे परिवहनमंत्री पीट बुटिजेज होती, पण एक कृष्णवर्णीय स्त्री आणि सोबत समलिंगी पुरुष, एवढं मतदारांना एकदम झेपणार नाही असं त्यांना वाटलं. शापिरो यांच्याबद्दलही त्यांनी लिहिलं की प्रत्येक निर्णयाच्या वेळी शापिरोंना खोलीत असायचं होतं. हॅरिस यांना ते खटकलं. मला ते योग्य वाटतं. खुर्चीच्या इतकं जवळ बसणाऱ्याने आपल्याला काय काम मिळणार हे आधी विचारावं, आणि उमेदवाराने त्याचं उत्तर तयार ठेवावं.

१९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी आपल्या प्लेन्स गावच्या घरी एकेकाला बोलावून निवांत बोलणं केलं आणि वॉल्टर मॉन्डेल यांना निवडलं. निवडून आल्यावर डिसेंबरमध्ये मॉन्डेल यांनी आपलं काम काय असावं याचं टिपण लिहून दिलं. व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या जवळ, कचेरी, अध्यक्षांकडे जाणारे तेच कागद, दर आठवड्याला दोघांचंच जेवण. कार्टर यांनी ते मान्य केलं. २०२८ च्या उमेदवाराने असं टिपण शपथविधीपर्यंत न थांबवता मुलाखतीच्याच वेळी दावेदाराकडून मागून घ्यावं.