फोकस की सॉफ्ट अगार? रिकाम्या व्हेक्टरची प्लेट बघून ठरवा

ट्युमरच्या सिक्वेन्सिंगमध्ये के-रास या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकात एखादा बदल सापडला, की दोन प्रश्न मागोमाग येतात. हा बदल निरोगी पेशीला बिघडवतो का? आणि बिघडवत असेल, तर औषधाने त्याला अडवता येतं का? उंदरांपर्यंत जाण्याआधी याचं उत्तर देणाऱ्या दोन जुन्या चाचण्या आहेत: एनआयएच ३टी३ या उंदराच्या पेशींच्या थरावर उठणारे ढीग (फोकस) मोजणारी फोकस चाचणी, आणि सॉफ्ट अगार या मऊ जेलमध्ये एकेकट्या पेशीपासून वाढणारे पुंजके (कॉलनी) मोजणारी कॉलनी चाचणी. दोन्ही करता आल्या तर उत्तमच. पण दोन्हींना दोन-तीन आठवडे लागतात आणि दोन्ही हात बसेपर्यंत फसतात, त्यामुळे सुरुवातीला एकच निवडावी लागते.

दोन्ही एकच गोष्ट मोजतात असं समजू नका. रासच्या १२ व्या जागचं ग्लायसीन बदललं, की रासला चालू ठेवणारा जीटीपी हा रेणू जीएपी प्रथिनाच्या मदतीने तुटण्याची सोय बंद होते आणि स्विच चालूच राहतो. राफ, मेक, अर्क ही वाढीचा निरोप पुढे नेणारी प्रथिनांची साखळी थांबत नाही. त्यातून पेशीला दोन वेगळ्या वाईट सवयी लागतात: शेजारच्या पेशींची दाटी झाली तरी ती वाढायची थांबत नाही, आणि खाली टेकायला काही नसलं तरी मरत नाही. पहिली सवय फोकस चाचणीत दिसते, दुसरी सॉफ्ट अगारमध्ये.

फोकसचा मान मोठा आहे, तो नाकारण्याचं कारण नाही. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातून मिळालेल्या एच-रास या के-रासच्या भावंड जनुकात डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल सापडला, त्यामुळे प्रथिनात १२ व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन. ते जनुक हाती आलं ते याच ३टी३ पेशींच्या थरावर उठलेल्या फोकसमुळे. आजही तिची एक जमेची बाजू दुसरीकडे मिळत नाही, ती म्हणजे फोकसचा आकार. रासचे फोकस चमकदार, लांबट पेशींचे, भोवऱ्यासारखे फिरलेले असतात. ऱ्हो या दुसऱ्या प्रथिन-कुटुंबाला चालना देणाऱ्या जनुकांचे दाट आणि गोलसर. सरावलेल्या नजरेला जनुक कोणत्या वाटेने काम करतंय याचा अंदाज थेट मायक्रोस्कोपखाली येतो.

कामही सरळ आहे. ६० मिमीच्या डिशमध्ये आदल्या दिवशी २ ते ३ लाख पेशी, दुसऱ्या दिवशी ट्रान्सफेक्शन (पेशीत जनुक घालणं), एक-दोन दिवसांनी १०० मिमीच्या दोन-तीन डिशमध्ये वाटणी, मग ५ टक्के काफ (वासराच्या) सीरमवर दर दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलत १४ ते २१ दिवस. शेवटी मिथेनॉलने दहा मिनिटं फिक्स करून क्रिस्टल व्हायोलेट. सोबत एक डिश प्युरोमायसिनवर ठेवा (या प्रतिजैविकात जनुक आत गेलेल्या पेशीच जगतात), म्हणजे ट्रान्सफेक्शन किती पेशींत झालं हे कळतं; त्याशिवाय दोन जनुकांच्या फोकसची संख्या शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही. मीडियम बदलताना पिपेट डिशच्या भिंतीला लावूनच सोडा. तिसऱ्या आठवड्यात थर कडेने सुटायला लागतो, आणि एकदा गुंडाळला गेला की ती डिश गेली.

आता ज्या एका त्रासामुळे माझा कौल सॉफ्ट अगारकडे फिरला त्याकडे येतो. रिकाम्या व्हेक्टरच्या, म्हणजे जनुक न बसवलेला वाहक डीएनए घातलेल्या, डिशमध्येही फोकस येतात.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ३टी३ पेशी पूर्ण निरोगी नाहीतच. पी१६ आणि एआरएफ ही दोन्ही रोखणारी प्रथिनं ज्या जागेवरून बनतात, ती जागाच त्यांच्यात गळालेली आहे. म्हणून तर एकटा रास त्यांना पुरतो. खऱ्या प्राथमिक पेशीत एकटा रास घातला तर उलट वाढच थांबते आणि पेशी अकाली म्हातारी होते, हे १९९७ साली दाखवलं गेलं. त्याआधी १९८३ सालीच उंदीरवर्गातल्या भ्रूणपेशींना रासच्या जोडीला मिक हे आणखी एक कर्करोगकारी जनुक लागतं हे दिसलं होतं. म्हणजे ३टी३ कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या पेशी आहेत. त्या एकदा जरी डिशमध्ये पूर्ण भरू दिल्या, तरी त्या दाटीत वाढू शकणाऱ्या मोजक्या पेशी पुढे सरकतात, आणि पुढच्या प्रत्येक पॅसेजला (नव्या डिशमध्ये वाटणीला) त्यांचा वाटा वाढत जातो. म्हणून नियम असा, की ७० टक्क्यांच्या वर भरू द्यायच्या नाहीत, काफ सीरमच वापरायचं, फीटल (गर्भातल्या वासराचं) नाही, आणि पंधरा-वीस पॅसेजनंतर गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल काढायची.

अडचण अशी, की जी दाटी पेशी सांभाळताना टाळायची, तीच दाटी चाचणीत तीन आठवडे मुद्दाम ठेवावी लागते. सगळे नियम पाळले तरी पार्श्वभूमी शून्यावर येत नाही, आणि सीरमचा लॉट बदलला की ती पुन्हा हलते. एच-रास व्ही१२ (१२ व्या जागी व्हॅलीन) सारखं जबर जनुक असेल तर शेकड्याने फोकस येतात, पाच-सहा आपोआप आलेल्यांनी बिघडत नाही. पण ज्याच्यासाठी चाचणी लावायची तो बदल बहुधा दुबळा असतो. त्याचे बारा आणि रिकाम्या डिशचे सहा, यातून ठाम काही सांगायला मन धजत नाही.

सॉफ्ट अगारमध्ये हीच रिकामी प्लेट, माझ्या अनुभवात, बरीच रिकामी राहते. एकेकट्या सुट्या पेशी तशाच पडून राहतात. तिचे त्रास वेगळे आहेत, पण ते बहुतेक हाताने सुधारता येतात.

खालच्या थरासाठी १.२ टक्के अगार आणि २० टक्के सीरम घातलेलं दुप्पट ताकदीचं डीएमईएम मीडियम समान घ्या. सहा वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला दीड मिली, सपाट जागी अर्धा तास. वरच्या थरासाठी साधा अगार नको, लो-मेल्टिंग अगारोज घ्या. साधा अगार चाळिशीच्या खाली आला की गोळे धरू लागतो, आणि तेवढाच गरम ठेवला तर पेशी भाजतात. अगारोज ३७ अंशांनाही पातळ राहतं, त्यामुळे घाई होत नाही. ०.७ टक्के अगारोजमध्ये दुप्पट मीडियम समान मिसळून ३७ ते ४० अंशांवर आणा आणि शेवटी दर मिलीला १०,००० पेशी, त्याही ५० ते १०० मायक्रोलिटर साध्या मीडियममधून. पेशी दुप्पट मीडियममध्ये थांबवून ठेवू नका, क्षारांनी आक्रसतात. वेलला एक मिली.

सगळ्यात जास्त फसवतात ते गठ्ठे. ट्रिप्सिननंतर पेशी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. शून्य दिवशीचा पाच पेशींचा गठ्ठा एकविसाव्या दिवशी कॉलनीसारखा दिसतो, आणि फोटो नसेल तर स्वतःलाही पटवता येत नाही. वेलच्या कडेला थर पातळ पडला तर पेशी घसरून प्लास्टिकला चिकटतात आणि तिथे पसरून वाढतात. त्या मोजायच्या नाहीत. मोजणीचा किमान व्यास, समजा १०० मायक्रॉन, आधीच ठरवा आणि प्लेटवरची नावं झाकून मोजा.

औषधाचा प्रश्न आला की पारडं आणखी झुकतं. फोकस चाचणीत औषधाने सगळा थरच मंदावतो, डिश भरतच नाही, आणि कमी झालेले फोकस ऑन्कोजीन (कर्करोगकारी जनुक) अडल्यामुळे की सगळ्याच पेशी आजारी पडल्यामुळे, हे सुटत नाही. शिवाय दाटीत थांबणाऱ्याच पेशी तिथे चालतात, म्हणजे रुग्णाच्या ट्युमरमधून तयार झालेल्या लाइन बाद. सॉफ्ट अगारमध्ये तुमच्या ३टी३ सोबत एच३५८ किंवा मिया पाका-२ या जी१२सी (१२ व्या जागी ग्लायसीनऐवजी सिस्टीन) असलेल्या मानवी पेशीही लावता येतात. आणि प्लास्टिकवर सपाट वाढणाऱ्या काही के-रास पेशी जी१२सीच्या औषधाला फारशी दाद देत नाहीत, त्याच आधाराशिवाय वाढवल्या की रासवर जास्त अवलंबून दिसतात, हे माहीत असलेलं निरीक्षण आहे.

औषध घालताना एक हिशेब हमखास चुकतो. दीड मिली, एक मिली आणि वरून अर्धा मिली मीडियम, एकूण तीन मिली. फक्त वरच्या अर्ध्या मिलीत १ मायक्रोमोलर सोटोरासिब (जी१२सीचं औषध) घातलं, तर तिन्ही थरांत पसरून ०.१७ च्या आसपास उरतं. तिन्ही थरांत सारखं घाला, आठवड्यातून दोनदा वरचा थर बदला, आणि डीएमएसओ (औषधाचा द्रावक) सगळ्या वेलमध्ये ०.१ टक्के ठेवा.

सोटोरासिबला २०२१ साली मान्यता मिळाली. ते १२ व्या जागच्या सिस्टीनलाच, आणि तेही स्विच बंद असताना, पक्कं जोडलं जातं. म्हणून जी१२व्ही (सिस्टीनऐवजी व्हॅलीन) असलेला वेल हा तुमचा सर्वोत्तम साक्षीदार: त्यातल्याही कॉलनी घटल्या तर ते विष आहे, अडवणूक नाही. सामान्य पेशी अगारमध्ये वाढतच नसल्याने त्यांच्यावरचं विष इथे दिसत नाही, ही या चाचणीची खरी उणीव. त्यासाठी प्लास्टिकवर जिवंतपणाची वेगळी चाचणी लावावीच लागते. आणि एच-रासवर मिळालेलं उत्तर के-रासला लावू नका. रासला पडद्याला चिकटवणारी फार्नेसिल ही शेपटी लागू न देणारी औषधं एच-रासवर छान चालली, पण के-रासने जेरानिलजेरानिलची शेपटी लावून घेतली आणि पडद्याला चिकटून राहिला.

जनुक कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) असेल आणि प्रश्न फक्त औषधाचा असेल, तर दोन्ही सोडून बीए/एफ३ या आयएल-३ नावाच्या वाढघटकावर जगणाऱ्या उंदराच्या पेशी बघा. आयएल-३ तीनदा धुऊन काढलं की आठवडा-दोन आठवड्यांत उत्तर येतं. आणि जनुक पूर्ण अनोळखी असेल, कोणत्या वाटेचं तेच ठाऊक नसेल, तर फोकसचा आकार बघण्यासाठी ती चाचणी आधी करावी असं म्हणणाऱ्यांशी वाद घालणार नाही.

बाकीच्यांनी, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी हातात आल्यावर, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-साठा देणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणाहून कमी पॅसेजच्या ३टी३ मागवाव्यात, मायकोप्लाझ्मा जिवाणूचा संसर्ग तपासावा, रेट्रोव्हायरसने जनुक घालून दर मिलीला २ मायक्रोग्रॅम प्युरोमायसिनवर निवड करावी आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन मोजण्याची चाचणी) रासचं प्रमाण सगळ्यांत सारखं आहे हे बघूनच प्लेट लावावी. पहिल्या प्लेटचे सहा वेल: रिकामा व्हेक्टर, मूळ के-रास, जी१२व्ही, जी१२सी, आणि जी१२व्ही व जी१२सी पुन्हा औषधासह. अशा तीन प्लेट. चौदाव्या दिवशी पहिल्या वेलमध्येच कॉलनी दिसल्या, तर पुढचे पाच मोजू नका. त्या पेशी टाकून नवी व्हायल काढा.