अ‍ॅलानिन स्कॅन की रँडम लायब्ररी? लॅम्डाच्या ‘जे’ प्रोटीनपुरतं

अ‍ॅलानिन स्कॅनचं श्रेय आधी त्याला देऊन टाकतो, कारण मीही सुरुवात त्यानेच केली होती. प्रश्न साधा होता. लॅम्डा फाज या जिवाणू मारणाऱ्या विषाणूच्या शेपटीच्या टोकाला ‘जे’ (J) नावाचं प्रोटीन असतं, ते ई. कोलाय या जिवाणूच्या लॅमबी रिसेप्टरला (पेशीवरच्या ज्या प्रोटीनला फाज चिकटतो, त्याला) नेमकं कुठे धरतं? ‘जे’ आहे 1132 अमिनो आम्लांचं, पण पकड शेवटाकडच्या भागात, एवढं माहीत होतं. तिथल्या 34 जागा निवडल्या, प्रत्येक जागी अ‍ॅलानिन हे साधं अमिनो आम्ल बसवलं, एका वेळी एकाच जागी, प्रत्येकाची वेगळी ट्यूब. कनिंगहॅम आणि वेल्स यांनी 1989 मध्ये ह्यूमन ग्रोथ हार्मोनवर असंच केलं होतं. एक बदल, एक उत्तर. एक्सेलमध्ये सुरेख दिसतं, गाइडही खूश.

प्राइमरचा (बदल घडवायच्या डीएनएच्या तुकड्यांचा) खर्च, डीपीएन-वन या एन्झाइमने नीट न पचलेला जुना प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं), हे सगळं सोसता येतं. मला सोसलं नाही ते एकच, रिकामी प्लेट.

अडचण अशी की लॅम्डाची शेपटी बांधायला सुरुवातच ‘जे’पासून होते. त्यामुळे प्लाक (फाजने जिवाणू मारल्याचे ठिपके) आले नाहीत तर दोन शक्यता उरतात. फाजला पेशी धरता आली नाही, किंवा धरायला शेपटीच नव्हती. प्लेट दोन्ही वेळा सारखीच दिसते, जिवाणूंची सलग साय. 34 पैकी 13 वेळा माझ्या वाट्याला ही साय आली. निवाडा करायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा, आणि आमच्याकडे तो नव्हता. दुसऱ्या एका संस्थेत पंधरवड्यातून एकदा स्लॉट मिळायचा. थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात ट्यूबा, आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात मी. दोनदा मायक्रोस्कोपचं फिलामेंट गेलं म्हणून तसाच परत आलो. तिसऱ्यांदा ग्रिड (नमुन्याची जाळी) चांगली जमली आणि स्क्रीनवर फाजची नुसती डोकीच डोकी, शेपटी एकालाही नाही! अडीच महिन्यांनी हिशेब लागला तेव्हा 13 पैकी 8 म्युटंट बिनशेपटीचे निघाले. ग्रुप मीटिंगमध्ये ज्या जागांना मी ‘बाइंडिंग साइट’ म्हणून लाल रंग दिला होता, त्यांतल्या बहुतेक याच.

रँडम लायब्ररीत, म्हणजे जनुकात आंधळेपणाने चुका घडवून बनवलेल्या म्युटंटांच्या गठ्ठ्यात, हाच प्रश्न उलटा विचारता येतो. असा होस्ट (जिवाणू) घ्यायचा, की ज्याच्या लॅमबीत एक जागा बदललेली असल्याने साधा लॅम्डा त्याच्यावर बसतच नाही. मग लायब्ररीतलं कोण बसतं ते बघायचं. प्लाक आला म्हणजे शेपटी बांधली गेली, पकड बसली आणि डीएनएही आत गेला. मायक्रोस्कोपकडे जायची वेळच येत नाही. चुका घडवायला मी महागड्या किटऐवजी साधा टाक (पीसीआरमध्ये डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम), मँगनीज आणि मुद्दाम बिघडवलेलं डीएनटीपींचं (डीएनएच्या अक्षरांचं) प्रमाण यांवर भागवलं. (मँगनीज अगदी शेवटी घाला. बफरमध्ये आधीच मिसळून ठेवलं तर गाळ बसतो.) प्लाझ्मिडवरची लायब्ररी रिकॉम्बिनेशनने (डीएनएच्या अदलाबदलीने) अंबर फाजमध्ये (ज्याच्या जनुकात टीएजी हा थांबायचा संकेत असतो) नेली आणि एका सकाळी प्लेटवर 11 प्लाक. टॉप अगारमधले ते धूसर ठिपके मी खिडकीपाशी नेऊन तीनदा मोजले.

त्रास इथेही आहेच, आणि तो लपवत नाही. 11 पैकी 9 प्लाकांत एकाहून जास्त बदल होते. नवरा एक, वऱ्हाडी चार, आणि त्यातला नवरा कोण ते काही सीक्वेन्सिंग सांगत नाही. प्रत्येक बदल पुन्हा एकटा करून बघावा लागला, म्हणजे प्राइमर शेवटी मागवलेच. एक बदल चार प्लाकांत सापडला म्हणून मी हुरळलो, तर तिघांत बाकीचे मूक (प्रोटीन न बदलणारे) बदलही तेच, म्हणजे एकाच आईची पोरं. शिवाय पीसीआरची चूक बहुधा कोडॉनचं (एका अमिनो आम्लाच्या तीन अक्षरी संकेताचं) एकच अक्षर बदलते. जीएटी हा अ‍ॅस्पार्टेटचा कोडॉन घ्या. त्यापासून एका अक्षरात सातच अमिनो आम्लं गाठता येतात. लायसिन किंवा ट्रिप्टोफॅन हवं असेल तर नशिबावर हवाला. टाक मँगनीजबरोबर ए आणि टी या अक्षरांवर जास्त घसरतो, ते वेगळंच.

तरीही हे त्रास मला चालतात, कारण ते उत्तर मिळाल्यानंतरचे आहेत. शिवाय काही उत्तरं एकेका जागेत नसतातच. मेयर, लेन्स्की आणि सहकाऱ्यांचं 2012 चं काम तुम्ही वाचलं असेलच. जिवाणूंनी लॅमबी कमी केलं तेव्हा 96 पैकी 24 फ्लास्कमधला लॅम्डा ओम्पएफ या वेगळ्याच रिसेप्टरवरून आत शिरायला शिकला, आणि त्यासाठी ‘जे’मध्ये चार बदल लागले. त्या जागांवर एकेक अ‍ॅलानिन बसवून ही गोष्ट दिसली असती असं मला तरी वाटत नाही.

प्रोटीनची रचना हातात असेल, संशयित जागा दहाच्या आत असतील आणि तुमचं प्रोटीन बांधणीच्या कामात अडकलेलं नसेल, तर अ‍ॅलानिनला नावं ठेवायचं कारण नाही. माझ्यासारखं अंधारात असाल तर, माझ्या मते, आधी लायब्ररी, आणि तीन-चार जागा पक्क्या झाल्या की तेवढ्यांवर एनएनके (कोडॉनची पहिली दोन अक्षरं कोणतीही, तिसरं जी किंवा टी). त्यात 32 कोडॉन, वीसही अमिनो आम्लं आणि स्टॉप एकच, टीएजी. तो नेमका अंबर, त्यामुळे सप्रेसर होस्टमध्ये तोही न थांबता अमिनो आम्ल म्हणून वाचला जातो. तिथल्या टायटरवर (फाजच्या मोजणीवर) विसंबू नका.

आणि लायब्ररीच्या जागी साधं ‘जे’ असलेल्या प्लाझ्मिडची एक कंट्रोल प्लेट नक्की ठेवा. माझ्या कंट्रोलवर एक प्लाक आला होता. त्या 11 मध्येही असा एखादा आपसूक आलेला असेल, हे मी धरूनच चालतो.