अमेरिकेतलं शेती-अनुदान कुणाला मिळतं? ईडब्ल्यूजीचा डेटाबेस वापरण्याआधी

अमेरिकेत कापसाला सरकार किती पैसा देतं, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. तो नेमका कुणाच्या खात्यात जातो, हे बघायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप (ईडब्ल्यूजी) या अमेरिकी स्वयंसेवी संस्थेचा मोफत डेटाबेस. अमेरिकी कृषी खात्याकडून माहिती अधिकाराखाली मिळवलेल्या नोंदी, १९९५ पासूनच्या. पीएम-किसानच्या गाववार यादीत नावं दिसतात. इथे नावापुढे रक्कमही आहे.

टेक्सासची गेन्स काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) घ्या. कापूस आणि भुईमूग, दोन्ही आपल्या ओळखीची पिकं. आधी राज्य, मग काउंटी निवडायची. एकाच नावाच्या काउंट्या अनेक राज्यांत असतात, म्हणून काउंटीचा पाच आकडी सरकारी ओळख क्रमांक (फिप्स) ताडून घ्या, गेन्सचा ४८१६५. समोर येणाऱ्या एकूण रकमेवर थांबू नका. कमोडिटी (पिकांवरचं थेट अनुदान), पीकविमा, आपत्ती मदत, संवर्धन हे भाग वेगवेगळे उघडा, आणि योजनेचं नाव वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

कारण गोंधळ तिथेच होतो. प्राइस लॉस कव्हरेज (पीएलसी) ही मुख्य योजना बाजारभाव ठरलेल्या संदर्भ भावाखाली गेला की फरक देते, पण यंदाच्या पेऱ्यावर नाही. ती देते 'बेस एकरां'वर, म्हणजे जुन्या पेऱ्यावरून त्या शेताच्या नावे नोंदलेल्या क्षेत्रावर, आणि त्याच्याही ८५ टक्क्यांवरच. २०१८ पासून सरकीसकट कापूस या योजनेत आहे; तेव्हाचा संदर्भ भाव पौंडाला ३६.७ सेंट. समजा बाजारभाव ३३.७ सेंट निघाला, बेस १०० एकर आणि नोंदलेला उतारा एकरी १,५०० पौंड. तर ३ सेंट गुणिले १,५०० गुणिले ८५, म्हणजे ३,८२५ डॉलर; सरकारी खर्चावरची ५.७ टक्के सक्तीची कपात गेल्यावर साधारण ३,६०७. त्या वर्षी शेतात कापसाचं एक बोंड नसलं तरी हे पैसे मिळू शकतात. शिवाय ते पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर येतात, त्यामुळे रकमेपुढचं साल पाहून त्या सालच्या पिकाबद्दल निष्कर्ष काढू नका.

नावांची यादीही जपून वाचावी. २०१८ च्या शेती कायद्याने अशा अनुदानाची वर्षाची माणशी मर्यादा १,२५,००० डॉलर ठेवली होती (२०२५ च्या कायद्याने ती १,५५,००० केली), पण भुईमुगाची मर्यादा वेगळी मोजतात आणि भागीदारी शेतीत प्रत्येक पात्र भागीदाराची स्वतंत्र. म्हणून एका नावापुढे मोठी रक्कम दिसली की लगेच गैरप्रकार समजायचं कारण नाही. 'वरच्या दहा टक्क्यांना इतका वाटा' हे ईडब्ल्यूजीचं आवडतं मांडणं. संस्था अनुदान-सुधारणेची बाजू घेऊन लढते, हे वाचताना ध्यानात असू द्या. आकडे मात्र सरकारीच.

खरी उणीव पीकविम्याची. हप्त्यावरच्या अनुदानाची काउंटीवार बेरीज मिळते, शेतकऱ्यांची नावं नाहीत, कारण कायदाच ती उघड करू देत नाही. कापूसपट्ट्यात विम्याचा वाटा मोठा असल्याने एखाद्या शेताचं पूर्ण चित्र इथे कधीच मिळत नाही.

२०१८-१९ च्या आकड्यांत उडी दिसली तर ती बहुतेक चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाच्या भरपाईची असते. पीएलसीच्या बेरजेत ती मिसळू नका.

काउंटीची ओळख करून घ्यायला आणि नावं शोधायला हा डेटाबेस उत्तम आहे. एकरी हिशेब करायचा असेल तर अमेरिकी कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या संकेतस्थळावरून काउंटीवार बेस एकरांची एक्सेल फाइल उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवून रकमेला एकरांनी भागा.