रोबोकॉनच्या रोबोला कोणता बोर्ड: मेगा, ईएसपी३२ की न्यूक्लिओ?

रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेसाठी नवी टीम जमली की पहिला वाद बोर्डावरून, म्हणजे रोबोच्या मेंदूवरून होतो आणि तो लगेच मेगाहर्ट्झवर घसरतो. माझं म्हणणं, आधी एन्कोडर (चाक किती फिरलं ते पल्स देऊन सांगणारे सेन्सर) मोजा. एन्कोडर किती आणि त्यांचे पल्स कोण मोजणार, एवढं ठरलं की निम्मा प्रश्न सुटतो.

हिशोब करून बघा. ६०० पल्सच्या एन्कोडरवर ए आणि बी दोन्ही तारांचे चढ-उतार धरले तर एका फेऱ्याला २,४०० काउंट. चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२,०००. चार चाकांचे ४८,०००. अर्डुइनो मेगा चालतो १६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दर काउंटमागे जेमतेम ३३३ क्लॉक सायकल. त्यातच पीआयडी (मोटरचा वेग नेमका राखणारं गणित) आणि रिमोटचा डेटा. शिवाय एक्स्टर्नल इंटरप्टच्या, म्हणजे सिग्नल बदलताच प्रोसेसरला हाक मारणाऱ्या, पिना सहाच, त्यातल्या २० आणि २१ आयटूसी या सेन्सर जोडणीच्या. तिथे आयएमयू (कल आणि वळण मोजणारा सेन्सर) लावला की उरल्या चार, आणि एका एन्कोडरला ए-बी मिळून लागतात दोन. इथेच घोडं पेंड खातं.

पल्स गळतायत का, हे पाहायला एन्कोडर लावलेल्या चाकावर मार्करने रेघ मारा, काउंट शून्य करा, मोटर पूर्ण वेगाने फिरवून थांबवा आणि चाक हाताने पुन्हा रेघेवर आणा. आकडा २,४०० च्या पटीत यायला हवा. पाच-दहा काउंट इकडेतिकडे झाले तर ते हाताचे. शे-दोनशेचा फरक असेल तर पल्स गळतायत.

न्यूक्लिओ एफ४४६आरई या कामात सरस. १८० मेगाहर्ट्झ तर आहेतच, पण खरी गंमत टायमरची: सहा टायमर एन्कोडर मोडमध्ये स्वतःच मोजतात, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. कोडमधल्या चुका शोधायचा डीबगर बोर्डावरच. स्वस्तातल्या ब्लू पिल या बोर्डावर एन्कोडर मोडचे टायमर चारच. चारही एन्कोडरला दिले तर मोटरचा वेग ठरवणाऱ्या पीडब्ल्यूएम सिग्नलला काही उरत नाही. न्यूक्लिओच्या पिना आणि टायमर मांडायचं सॉफ्टवेअर, क्यूबएमएक्स, शिकायला मात्र वेळ लागतो, तो आधीच धरून चाला.

ईएसपी३२ मध्येही आठ पल्स काउंटर आहेत. पिना ३.३ व्होल्टच्या, पाच व्होल्ट थेट देऊ नका. एन्कोडर ओपन कलेक्टर (तार फक्त शून्याकडे ओढणारा) असेल तर बाहेरून ३.३ व्होल्टला पुल-अप, म्हणजे तार वर धरून ठेवणारा रेझिस्टर, लावला की भागतं. ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नसतो, हे वायरिंग करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. पीएस४चा रिमोट ब्लूटूथवर जोडायचा असेल तर मूळ ईएसपी३२च घ्या. ईएसपी३२-एस३ या प्रकारात या रिमोटला लागणारं क्लासिक ब्लूटूथ नाही.

पहिलंच वर्ष, हाताने चालवायचा रोबो आणि एखाद-दुसराच एन्कोडर असेल तर मेगा बिनधास्त घ्या. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स उपक्रमाच्या फायरबर्ड ५ रोबोवर मेगाचीच एटीमेगा२५६० चिप आहे, त्यामुळे सीनियर्सचा कोड आणि अनुभव दोन्ही हाताशी असतात. स्वतः मार्ग काढणारा रोबो असेल तर मी न्यूक्लिओच घेईन, रिमोटसाठी शेजारी ईएसपी३२, मध्ये यूएआरटी (दोन बोर्डांत डेटा नेणारी सिरियल जोडणी). दोन्हींचं लॉजिक ३.३ व्होल्टचं, तारा थेट जुळतात. फक्त ग्राउंड एक करायला विसरू नका.