प्लॅटिपस ग्रॅव्हिटीवर्क्स, ४ लिटर : डोंगरातल्या उन्हाळ्याला पुरतो का?

दोन मोठी माणसं, दोन लहान मुलं, डोंगरातलं घर, पाणी झऱ्याचं किंवा ओढ्याचं आणि मुक्काम तीन महिन्यांचा. एवढ्या संसाराला हा फिल्टर पुरतो, पण अगदी काठावर. पिणं, स्वयंपाक, दात घासणं आणि कच्ची खायची फळं-भाज्या शेवटच्या पाण्याने विसळणं, हे सगळं धरून दिवसाला साधारण १५ लिटर लागतात. ९० दिवसांचे झाले १३५० लिटर. कंपनी एका कार्ट्रिजचं, म्हणजे पाणी गाळणाऱ्या नळकांड्याचं, आयुष्य १५०० लिटर सांगते, तेही पाणी नितळ असेल तर. अंघोळ, कपडे आणि भांडी या फिल्टरवर टाकली तर कार्ट्रिज महिनाभरातच दम टाकेल. उन्हाळाभरासाठी निघताना एक जादा कार्ट्रिज बरोबर घ्यायचंच.

मुळात ही वस्तू पाठीवर सामान घेऊन फिरणाऱ्यांसाठी बनली आहे. चार-चार लिटरच्या दोन पिशव्या, एक कच्च्या पाण्याची आणि एक गाळलेल्या पाण्याची. मध्ये नळी, नळीत कार्ट्रिज, पाणी बंद करायला चिमटा आणि चटकन सुटणारे जोड. सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. पंप नाही, वीज नाही. कच्च्या पाण्याची पिशवी उंच टांगायची, दुसरी खाली ठेवायची, बाकीचं काम पाण्याचं वजन करतं. कडेवर मूल असताना पंपाचा दांडा मारत बसणं किती जिकिरीचं असतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे.

उकळण्याशी तुलना केली तर फरक डोळ्यात भरतो. १० अंशांचं १५ लिटर पाणी ९५ अंशांपर्यंत तापवायला साधारण ५३०० किलोज्यूल लागतात. शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर रोज पाव किलोच्या जवळपास सिलिंडरचा गॅस, म्हणजे तीन महिन्यांत २० किलोच्या वर. शिवाय उकळलेलं पाणी थंड होईपर्यंत मुलं थांबत नाहीत, हे वेगळंच.

कंपनी मिनिटाला १.७५ लिटरची धार सांगते, म्हणजे चार लिटर अडीच मिनिटांच्या आत. डोंगरातल्या गार पाण्याला हा वेग मिळत नाही, आणि तो फिल्टरचा दोष नाही. ५ अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दीडपट घट्ट वाहतं, तेवढाच जास्त वेळ लागतो. पहाटे भरलेल्या पिशवीची धार पाहून ‘चोंदला वाटतं’ म्हणत लोक कार्ट्रिज बदलायला निघतात. आधी तेच पाणी दुपारी, जरा कोमट झाल्यावर लावून बघा.

धार उंचीवरही अवलंबून असते. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दहावा भाग भरतो, म्हणून प्रत्येक वितीला किंमत आहे. वरची पिशवी खिडकीच्या गजाला अडकवून खालची टेबलावर ठेवली तर धार रडत येते. खालची पिशवी सरळ जमिनीवर स्वच्छ पाटावर ठेवा, वरची पिशवी, नळी ताणली जाणार नाही इतकी, उंच घ्या. खुंटी मात्र चार किलो सहज पेलणारी हवी. पिशवी मुलांच्या हाती लागणार नाही अशी टांगा, कारण लोंबती नळी म्हणजे ओढायचीच वस्तू, याबद्दल दोन वर्षांच्या मुलाच्या मनात कुठलीही शंका नसते.

पहिल्या दिवशी बऱ्याच लोकांचा फिल्टर चालतच नाही. पिशवी भरलेली, चिमटा उघडा, तरी थेंब नाही. नळीने हवा धरलेली असते. कार्ट्रिजमध्ये शेवयांसारख्या पोकळ, बारीक तंतूंचा जुडगा असतो आणि तंतूंच्या भिंतींना ०.२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रं असतात. ही छिद्रं एकदा ओली झाली की पाणी त्यांतून जातं, पण एवढ्याशा दाबाने हवा जात नाही. कच्च्या बाजूला अडकलेला बुडबुडा त्यामुळे तिथेच बसून राहतो. गाळलेल्या पाण्याची पिशवी, तीत थोडं पाणी ठेवून, वरच्या पिशवीपेक्षा उंच धरायची. पाणी उलटं जातं, बुडबुडे डुबुक डुबुक करत वर निघतात आणि मग धार लागते. नवीन कार्ट्रिजमध्ये पाणीच नसतं, म्हणून सुरुवातीचे एक-दोन लिटर त्यातून जाऊ देऊन ओतून द्यायचे. नंतरचं पाणी कच्च्या पिशवीत चढवून उलटी धार द्यायची.

हीच उलटी धार म्हणजे बॅकफ्लश, आणि फिल्टरचं आयुष्य तिच्यावर आहे. रोज एकदा, गाळण संपल्यावर, अर्धा लिटर स्वच्छ पाणी उलटं सोडायचं. इथे एक चूक सर्रास होते. कच्ची पिशवी अर्धी भरलेली असतानाच बॅकफ्लश करतात. तंतूंवरून सुटलेला गाळ मग त्याच पाण्यात जातो आणि दोन मिनिटांत पुन्हा तंतूंवर येऊन बसतो. कच्ची पिशवी आधी रिकामी हवी, आणि उलटं आलेलं पाणी लगेच बाहेर फेकायला हवं. बॅकफ्लशनंतरही, कोमट पाण्याला, चार लिटरसाठी पाव तास लागायला लागला की कार्ट्रिज बदलायची वेळ झाली.

गढूळ पाणी हा याचा खरा शत्रू. पावसाची पहिली सर आली की ओढा चहासारखा होतो आणि तसंच पाणी भरलं तर एका दिवसात धार निम्म्यावर येते. पाणी बादलीत रात्रभर निवळू द्या. सकाळी बादली न हलवता वरचं दोन-तृतीयांश पाणी मगाने काढा आणि सुती कापडाच्या चौपदरी घडीतून कच्च्या पिशवीत गाळा. तळाचं पाणी झाडांना. तुरटी फिरवली तर गाळ लवकर बसतो, पण गाळाचे पुंजके पूर्ण खाली बसल्याशिवाय पाणी उचलू नका, नाहीतर तेच पुंजके तंतूंवर लेप चढवतात.

आता रचनेतली एक खोट. कच्च्या पाण्याची पिशवी भरताना बाहेरूनही ओली होते. टांगल्यावर तिच्या खालच्या शिवणीशी एक थेंब जमतो, फुगतो, नळीला चिकटून खाली घसरतो, कार्ट्रिजवरून ओघळतो आणि नळीच्या शेवटी थेट गाळलेल्या पाण्याच्या तोंडापाशी येऊन थांबतो. आतून पाणी ०.२ मायक्रॉनमधून आलेलं, आणि बाहेरून हा पाहुणा जसाच्या तसा आत. पातेल्यात नळी सोडली असेल तर हे हमखास होतं. कार्ट्रिजच्या खाली नळीला चिंधीची गाठ मारा, थेंब तिथे जिरतो. चिंधी रोज बदलायची. कच्च्या पिशवीला लाल दोरा बांधा, भरल्यावर ती बाहेरून पुसा आणि तिला लागलेला हात धुतल्याशिवाय खालचा जोड धरू नका. मुलांना ‘लाल दोऱ्याला हात लावायचा नाही’ हे सांगता येतं, ‘दूषित बाजू’ सांगून काही कळत नाही.

आणि मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा फिल्टर एकट्याने पुरत नाही. जुलाब करणाऱ्या सूक्ष्म परजीवींपैकी जिआर्डियाच्या पुट्या (कवचात बंद अवस्था) ८ ते १२ मायक्रॉनच्या, क्रिप्टोस्पोरिडियमच्या ४ ते ६, आणि जुलाबाचे बहुतेक जिवाणू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. हे सगळे ०.२ च्या छिद्रात अडकतात. विषाणू अडकत नाहीत. रोटाव्हायरस सुमारे ०.०७ मायक्रॉन, हिपॅटायटिस ए त्याहूनही लहान, दोन्ही आरामात पार होतात. जिथे वर वस्ती नाही अशा उंचावरच्या झऱ्यात माणसांचे विषाणू असण्याची शक्यता कमी. पण तुमच्या वर एखादं घर, संडास किंवा तंबूंची जागा असेल तर नुसत्या फिल्टरवर मुलांना पाणी देऊ नका.

उपाय सोपा आहे. आधी गाळा, मग क्लोरीन घाला. साधं, सुगंध नसलेलं ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, लिटरला २ थेंब, म्हणजे चार लिटरच्या पिशवीला ८. ढवळून अर्धा तास झाकून ठेवायचं, पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. येत नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी अर्धा तास. थेंब ड्रॉपरनेच मोजा, बाटलीच्या तोंडाने नव्हे. ब्लीच उन्हात आणि वयाने उतरतं, म्हणून नवी बाटली घ्या आणि ती मुलांपासून लांब, सावलीत ठेवा. ही जोडी जमण्याचं कारण असं की क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला जुमानत नाही, पण तो फिल्टरमध्ये अडकतो. विषाणू फिल्टरला चुकवतात, पण क्लोरीनपुढे टिकत नाहीत. एकाचा हात जिथे पोचत नाही, तिथे दुसऱ्याचा पोचतो. गाळलेल्या पाण्यात क्लोरीन खाणारा गाळही नसतो, त्यामुळे दोन थेंबांत भागतं. वास नको असेल तर पाणी दोन स्वच्छ भांड्यांत चार-पाच वेळा उंचावरून ओता.

तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध असेल तर गाळलेलं पाणीही उकळायचंच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. पावडर घालताना पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नको, कारण जंतू पावडरीतही असू शकतात. दूध प्यायच्या गरमपणाला आल्यावरच बाळाला द्या. रोजचं तेवढं लिटर-दीड लिटर उकळायला गॅस फार जात नाही.

कीटकनाशकं, नायट्रेट, पाण्यातलं लोह, क्षार यांतलं काहीच हा फिल्टर काढत नाही, उकळूनही ते जात नाही. झऱ्याच्या वर फवारणीची बाग असेल तर दुसरा झरा शोधा. हिरवी साय धरलेल्या डबक्याचं पाणी कितीही गाळलं तरी प्यायचं नाही. त्यात विरघळलेलं विष असू शकतं.

दुसरा मोठा धोका थंडीचा. उंच डोंगरात उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. ओलं कार्ट्रिज गोठलं की आतलं पाणी फुगतं आणि तंतू तडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, उलट धार सुधारल्यासारखी वाटते. म्हणूनच अचानक जोरात धार आली तर खूश होऊ नका, तपासा. कार्ट्रिज ओलं करून सोडवा, कच्च्या बाजूचं टोक पेलाभर पाण्यात बुडवा आणि स्वच्छ बाजूच्या नळीतून तोंडाने फुंका. आधी आतलं थोडं पाणी निघेल, मग फुंकर अडायला हवी. बुडबुड्यांची रांग चालूच राहिली तर तंतू फुटलेत, कार्ट्रिज फेकून द्या. ओल्या छिद्रांतून हवा जात नाही हाच न्याय, ज्याने पहिल्या दिवशी धार अडवली होती. रात्री कार्ट्रिज कपड्यांत गुंडाळून अंथरुणात घ्या. वापरलेला फिल्टर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो एखाद्या रात्री गोठला होता की नाही, हे बघून सांगता येत नाही.

घरापर्यंत गाडी जात असेल तर वजन वाचवण्यात अर्थ नाही, आणि मग या फिल्टरचा मोठा गुण बिनकामाचा ठरतो. अशा वेळी लाइफस्ट्रॉ फॅमिली १.० हा फिल्टर जास्त शहाणपणाचा. छिद्रं ०.०२ मायक्रॉनची, विषाणूही अडतात, आयुष्य १८,००० लिटर. धार मात्र बारीक, म्हणून पाणी आधीच गाळून ठेवायची सवय हवी. सिरॅमिक कँडलची टाकीही चालते, पण कँडलला केसाएवढी चीर गेली तरी ती निकामी आणि डोंगरातल्या रस्त्यावर ती जाण्याची शक्यता बरीच. शेवटचा तासभर पायवाट असेल, एक मूल पाठीवर आणि दुसरं हाताला, तर ग्रॅव्हिटीवर्क्सला तोड नाही.

गाळलेल्या पाण्याची पिशवी आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन थेंब ब्लीच घालून विसळा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो. मुक्काम संपला की कार्ट्रिज बॅकफ्लश करून तसंच दोन थेंब ब्लीचचं पाणी त्यातून सोडा, झटका आणि हवेशीर सावलीत ठेवा. पिशव्या उघड्या तोंडाने उलट्या टांगा, आतल्या बाजू चिकटू नयेत म्हणून मध्ये एक स्वच्छ लाकडी चमचा अडकवा. ओलं कार्ट्रिज प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी नेलं तर पुढच्या उन्हाळ्यात पहिला वास कुबटच येईल.